इंदुरात खाताना आणि परत जाऊन घरी करताना: या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात पुण्याहून नणंद, तिचे यजमान आणि दोन मुलं आली. चहा झाल्याबरोबर ती म्हणाली, "वहिनी, चला, सराफ्यात जाऊन येऊ." संध्याकाळचे सात वाजले होते. सराफा म्हणजे इथला सराफ बाजार, रात्री तिथेच खाऊगल्ली भरते. पण त्या वेळी तिथे सोन्याचांदीची दुकानं उघडी असतात, खाण्याची नाहीत. रात्रीचं जेवू नका, थोडी कळ काढा, असं मी सांगितलं. पण मुलं भुकेली होती. सगळे वरणभात, पोळीभाजी पोटभर जेवले आणि दहा वाजता राजवाड्यापाशी उतरलो तेव्हा कुणाच्याच पोटात जागा नव्हती. समोर मोठमोठे जलेबे तळले जात होते, भुट्ट्याच्या किसाचा तुपाचा वास येत होता, आणि मंडळी नुसती बघत होती. मला फार वाईट वाटलं.

लग्न होऊन नाशिकहून इंदुरात आले त्याला सव्वीस वर्षं झाली. दर सुट्टीत पाहुणे येतात आणि चुका त्याच त्याच होतात. परत गेल्यावर फोनही ठरलेला: "वहिनी, पोहे तुमच्यासारखे होत नाहीत." या सगळ्याच्या मुळाशी मला बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे वेळ. इंदुरात प्रत्येक पदार्थाची घटका ठरलेली आहे, काहींचा तर महिनाही. स्वयंपाकघरातही कुठली गोष्ट कधी घालायची यावरच सगळं अवलंबून असतं.

बाहेर खाताना

पोहे-जिलेबी सकाळची. सात-आठ वाजता गेलात तर पोहे वाफेवर फुललेले मिळतात. साडेअकराला तळाशी उरलेले मिळतील आणि तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. सराफा रात्रीचा. सराफांची दुकानं मिटली की त्यांच्याच ओट्यांपुढे गाड्या लागतात, म्हणून दहाच्या आधी जाण्यात अर्थ नाही. त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास मुलांना एखादं केळं किंवा दूध-पोळी द्या आणि रात्रीचं जेवण करूच नका. लवकर झोपणारी मंडळी असतील तर छप्पन दुकान या दुसऱ्या खाऊगल्लीत जा. ती जागा दिवसाही चालू असते.

दुसरी चूक म्हणजे माणशी एक प्लेट. चौघांत एक प्लेट घ्या. पहिली फेरी काहीही न खाता मारा, काय काय आहे ते बघा आणि मग ठरवा. नाहीतर पहिल्याच गाडीवर दोन कचोऱ्या होतात आणि भुट्ट्याचा कीस, दहीवडा, मूगभजी सगळं राहून जातं. गोड शेवटी. तेही एक जलेबा चौघांत पुरतो.

शिकंजीचा घोटाळा तर नेहमीचा. इंदुरी शिकंजी म्हणजे लिंबू सरबत नव्हे. ती आटवलेल्या दुधाची, केशर-सुकामेव्याची, किंचित आंबूस आणि इतकी दाट असते की पेलाभर प्यायलात तर जेवण झाल्यासारखंच आहे. उन्हातून आल्यावर तहान भागवायला मागवू नका. पाणी प्या, आणि शिकंजी नंतर दोघांत एक घ्या.

महिन्यांचंही तसंच. गराडू, म्हणजे तळून खायचा कंद, हिवाळ्यात. मे महिन्यात गराडू शोधत हिंडणाऱ्या पाहुण्यांना मी दर वर्षी समजावते. भुट्ट्याचा कीस बारा महिने मिळतो, पण तो खरा पावसाळ्यात, देशी मक्याची कणसं बाजारात आली की.

इंदूर 2017 ते 2022 सलग सहा वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं, आणि रस्ते खरंच लख्ख असतात. पण रस्ता स्वच्छ आहे म्हणून हात न धुता खाऊ नका, आणि तुमच्यासमोर कढईतून किंवा तव्यावरून उतरेल ते आधी निवडा. तरीही कुणाचं पोट बिघडलंच, तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोटघोट देत राहा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपायच. ताप असेल, रक्त पडत असेल किंवा लहान मूल मलूल होऊन लघवी कमी झाली असेल, तर घरचे उपाय बाजूला ठेवून डॉक्टरकडे न्या.

घरी पोहे करताना

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण फोन सगळ्यात जास्त याचेच येतात.

पुण्यात, नाशकात आपण कांदा परततो, पोहे टाकतो, झाकण ठेवतो, झाले कांदेपोहे. ते उत्तमच लागतात, पण इंदुरी पोहे वेगळ्या रीतीचे. इथे कांदा फोडणीत परतत नाहीत, कच्चा बारीक चिरून वरून घालतात. आणि पोहे फोडणीत परतून शिजत नाहीत, वाफेवर शिजतात. ठेल्यावर मोठ्या पातेल्यात पाणी खळखळत असतं आणि त्यावर पोह्यांची परात ठेवलेली असते. हा वाफेचा भाग घरी सगळे गाळतात, आणि मग वरून घालायच्या जिरावण मसाल्याची पाकिटं बदलत बसतात.

चौघांना पाव किलो जाड पोहे घ्या. पातळ पोहे घेतलेत तर लगदाच होईल. चाळणीत घालून नळाखाली दोनदा धुवा, भिजत ठेवू नका. पाणी निथळलं की मीठ, चमचाभर साखर आणि हळद पोह्यांनाच चोळा आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा. मीठ कुठे जास्त कुठे कमी लागतं, पिवळे डाग पडतात, ही तक्रार असते ना, ती मीठ-हळद फोडणीत टाकल्यामुळे. पोह्यांना चोळलीत तर सारखी लागते. मग तेलात मोहरी, बडीशेप, भरडलेले धणे, हिरवी मिरची, कढीपत्ता. बडीशेप विसरू नका. इंदुरी चव ओळखू येते ती बऱ्याच अंशी तिच्यामुळे. फोडणी पोह्यांवर ओता, हलक्या हाताने मिसळा, आणि आता उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर चाळणी बसवून, झाकण ठेवून दहा मिनिटं वाफ द्या.

गोळे झाले तर पाणी जास्त राहिलं होतं. पोहे बोटांनी मोकळे करून ताटात पसरा, पाच मिनिटांनी पुन्हा वाफ द्या. पुष्कळ सुधारतात. कोरडे, घशात अडकणारे झाले तर हात ओला करून वरून शिंपडा आणि झाकण ठेवून वाफेवर आणखी पाच मिनिटं ठेवा. पाणी ओतू मात्र नका.

वरून शेव, कच्चा कांदा, कोथिंबीर, मिळाले तर डाळिंबाचे दाणे, लिंबू आणि जिरावण. हे जिरावण म्हणजे धणे, जिरं, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, सुंठ, हिंग आणि गरम मसाल्यांची बारीक पूड. ते फोडणीत टाकणं ही मोठी चूक. तेलात ते करपतं, आमचूर कडवट लागतो आणि सगळा सुगंध उडून जातो. माझ्या चुलत बहिणीने सहा महिने फोडणीत टाकलं आणि मग म्हणाली, पाकीटच वाईट होतं. ते फक्त वरून भुरभुरायचं. घट्ट झाकणाच्या बाटलीत, गॅसपासून लांब ठेवा आणि थोडंथोडं आणा.

भुट्ट्याचा कीस आणि बाफले

कीस मिक्सरमध्ये वाटला की पिठलं होतं. कणीस किसणीवरच किसायचं. तुपात मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची, त्यावर कीस, आणि कच्चा वास जाऊन कडा सुटेपर्यंत मंद आचेवर परतायचं. याला चार कणसांना दहा-बारा मिनिटं सहज लागतात. दूध त्यानंतर. कच्च्या किसावर घाईने दूध ओतलं तर शेवटपर्यंत कच्चीच चव येते. दूध आटलं की मीठ घालून गॅस बंद, ओलं खोबरं, कोथिंबीर, आणि लिंबू गॅस बंद केल्यावर दोन मिनिटांनी. आधी पिळलंत तर दूध फाटून चिवट कण दिसतात. पुण्या-मुंबईत बहुतेक वेळा स्वीट कॉर्नच मिळतं, ते फार गोड आणि पाणचट असतं. मग साखर अजिबात नको, दूध निम्मं, मिरची दुप्पट, लिंबू सढळ.

बाफले म्हणजे कणकेचे गोळे, ते आधी उकळत्या पाण्यात शिजतात आणि मग भाजले जातात. बाटीत आणि त्यात फरक हाच. पाणी खळखळायच्या आधी सोडले तर विरघळतात, पीठ सैल भिजवलं तरी तेच. कणीक पोळीची बारीक नको, जाडसर दळलेली हवी. त्यात थोडं मक्याचं पीठ, ओवा, तुपाचं मोहन, दही. उकळताना बाफले आधी तळाला बसतात आणि वर येतात. वर आले म्हणजे झाले असं नाही, आणखी दहाएक मिनिटं राहू द्या. मग फडक्यावर पूर्ण कोरडे करून 200 अंशांच्या ओव्हनमध्ये, मध्ये एकदा उलटून, खरपूस भाजा. ओलेच आत घातले तर वरून चिवट आणि आतून कच्चे राहतात. आणि हे जेवण दुपारचंच ठेवा. रात्री डाळ-बाफले खाऊन पहाटेची गाडी पकडणाऱ्या पाहुण्यांचे हाल मी बघितले आहेत.

डबा बांधताना

अवंतिका एक्स्प्रेस संध्याकाळी इंदूरहून निघते आणि सकाळी मुंबईला पोचते, म्हणजे रात्रीचं एक जेवण बरोबर न्यावं लागतं. गरम पोळ्या तशाच स्टीलच्या डब्यात भरून झाकण लावणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. वाफेचं पाणी होतं, पोळ्या ओल्या होतात आणि आंबतात. आधी पंख्याखाली गार करा, फडक्यात गुंडाळा, मग भरा. उन्हाळ्यात बटाट्याची ओली भाजी, दहीभात, खोबऱ्याची ओली चटणी टाळा. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लसणाची चटणी, गूळ-तूप, हे आपलं जुनं प्रवासाचं जेवण आजही सगळ्यांत भरवशाचं. दशमीत पाणी घालू नका, नुसत्या दुधात भिजवली की दुसऱ्या दिवशीही मऊ राहते.

भेट म्हणून माव्याची मिठाई नेऊ नका. मी स्वतः एकदा मे महिन्यात माहेरी मावाबाटी नेली आणि नाशकात डबा उघडला तेव्हा आंबूस वास येत होता. आईने काही न बोलता डबा बाजूला ठेवला. त्यानंतर मी शेव, जिरावण आणि कोरडं फरसाणच नेते.

सकाळचा भात प्रवासातून येईपर्यंत ओट्यावर राहिला असेल तर त्याला फोडणी देऊ नका. असा भात तासन्‌तास बाहेर राहिला की त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. फोडणीचा भात करायचाच असेल तर भात गार होताच फ्रीजमध्ये ठेवलेला हवा.

पोहोचल्यावर पहिलं जेवण

चार दिवस बाहेर खाऊन घरी पोचल्यावर पुष्कळ जण थकव्यात पुन्हा बाहेरूनच मागवतात. त्यापेक्षा मुगाची खिचडी करा. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, धुऊन पंधरा मिनिटं निथळत ठेवलेली. चूक होते ती पाण्यात. पोळीबरोबर खायची मोकळी खिचडी वेगळी, ही मऊ हवी, म्हणून एकूण नऊ-दहा वाट्या पाणी. तुपात जिरं, हिंग, चिमूटभर हळद, डाळ-तांदूळ दोन मिनिटं परतून मग पाणी, कुकरच्या चार शिट्ट्या. वाफ आपोआप जिरू द्या, शिटी उचलून काढलीत तर पाणी फसफसून बाहेर येतं आणि वरचा थर टणक राहतो.

गेल्या खेपेला नणंदेने पुण्याला पोचल्यावर हीच केली. वरून जिरावण भुरभुरलं, लिंबू पिळलं, आणि रात्री साडेदहाला मला ताटाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं: डिसेंबरात येतोय, गराडूला. तेव्हा तिला पहिल्याच दिवशी सांगणार आहे की सोलताना हाताला तेल लाव, नाहीतर खाज सुटेल. आणि तुकडे दोनदा तळायचे असतात: एकदा मंद आचेवर आतून शिजेपर्यंत, दुसऱ्यांदा कडकडीत तेलात, तेही सगळे ताटावर बसल्यावरच.