नवा टायर रिमवर पक्का बसवून कसा घ्यावा

टायर रिमला ना चिकटवलेला असतो, ना बोल्टने आवळलेला. त्याला धरून ठेवते ती आतली हवाच. टायरच्या कडेत, म्हणजे बीडमध्ये, पोलादी तारांचं न ताणणारं कडं असतं. हवा भरली की बीड रिमच्या किंचित उतरत्या बैठकीवर चढतो आणि बाहेरच्या काठाला घट्ट टेकतो. मागे सरकू नये म्हणून रिमला आतून बारीक उंचवटाही असतो. कसारा घाटाच्या वळणावर हवा जरा कमी असली तर तोच कामाला येतो.

टायर नाशिकात द्वारकेला बसवा नाहीतर सातपूरला, मशीनजवळ उभे राहा. आधी टायरवरचा इंचाचा आकडा रिमशी जुळवा. १४ च्या रिमला १४ चाच टायर. मग रिमची बैठक तारेच्या ब्रशने घासून गंज काढून घ्या. ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू उतरते त्यामागे बऱ्याचदा हा गंजच असतो. व्हॉल्व्ह नवा टाका, तिथे काटकसर नको. बीडला टायरची पेस्ट किंवा साबणाचं पाणी लावायला सांगा. ग्रीस, ऑइल चालणार नाही, रबर खराब होतं.

टायर चढवताना एका बाजूचा बीड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबला की समोरची बाजू सैल पडते आणि सहज आत जाते. कारागीर पहारीने जोर लावत असेल तर ही युक्ती चुकतेय असं समजा. बीडची तार दुखावली तर तो टायर गेला.

हवा भरताना व्हॉल्व्हची पिन काढलेली असावी, म्हणजे हवा झपाट्याने शिरते. दोनदा 'फट्' असा आवाज येतो, दोन बाजूंचे दोन बीड बसल्याचा. कारच्या टायरला ४० पीएसआयपर्यंत गेल्यावरही बीड बसला नाही, तर आणखी हवा मारू देऊ नका. टायर फुटून माणसं दगावतात. हवा सोडून पुन्हा पेस्ट लावायची.

आवाजावर मात्र विसंबू नका. रिमच्या काठालगत टायरवर एक बारीक गोल रेघ असते. दोन्ही बाजूंनी बोट फिरवून बघा, तिचं काठापासूनचं अंतर सगळीकडे सारखं हवं. कुठे रेघ आत बुडाली असेल तर तिथे बीड बसलेला नाही.

मग पिन लावून दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा, कडेला साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का ते बघणं आणि बॅलन्सिंग. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे. इगतपुरीला जाऊन आलात की पान्ह्याने एकदा पुन्हा तपासा.