कार्डावर श्रद्धा दिसावी, पण धंदा झाकू नये

श्रद्धेशी जोडलेल्या व्यवसायाच्या व्हिजिटिंग कार्डावर पहिला मान कामाला द्या. तुम्ही नेमकं काय करता, हे नावाखालीच एका ओळीत यावं. धर्मचिन्ह कोपऱ्यात, लहान आणि एकरंगी ठेवा. देवाचं चित्र किंवा पवित्र नाव मात्र मी टाळेन. कार्डं शेवटी खिशात चुरगळतात, कचऱ्यात जातात, पायाखाली येतात, आणि तुमच्याच श्रद्धावान ग्राहकाला ते खुपतं. धर्मग्रंथातलं वचन हवंच असेल तर मागच्या बाजूला, एकच ओळ. मूळ ग्रंथाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा, कारण तिथली छपाईची चूक कुणी माफ करत नाही. अक्षरं ८ पॉइंटपेक्षा बारीक नकोत. छपाईची फाइल ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना पांढरी कड राहू नये म्हणून कडेबाहेर वाढवलेली छपाई.