गुडघा दुखतोय? मग या चुका टाळा

नवरात्र संपलं की नाशिकमध्ये माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. "वणीचा गड चढताना काही वाटलं नाही हो, उतरताना मात्र गुडघ्यांनी रडवलं!"

गुडघा दाराच्या बिजागरीसारखा नुसता उघडमीट करत नाही. वाकताना मांडीचं हाड नडगीच्या हाडावर थोडं गडगडतं, थोडं घसरतं आणि मधल्या दोन गाद्या भार वाटून घेतात. पुढची वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीतून वरखाली सरकते. गुडघ्यावर भार असताना तो जितका वाकलेला, तितकी वाटी खोबणीवर जास्त दाबली जाते. सपाट रस्त्यावर हा दाब आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असतो, पायऱ्यांवर तिपटीच्या घरात जातो. त्यात उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला पावलोपावली ब्रेक लावावा लागतो. तो दमला की सगळा हिसका सांध्यावर येतो. दुखरा गुडघा असेल तर चढताना चांगला पाय आधी टाका, उतरताना दुखरा आधी, आणि कठडा धरा. गडावर २०१८ पासून ट्रॉली आहे. तिने गेल्याने देवीच्या दर्शनात काही कमी पडत नाही.

"गुडघ्यातलं वंगण संपलं, आता चालणं बंद," ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, रक्तवाहिन्या नसतात. दाब पडतो, सुटतो, तेव्हा सांध्यातल्या द्रवातून तिचं पोषण होतं. चालणं थांबवलं की तेही मंदावतं आणि मांडीचा स्नायू वाळायला लागतो. मी दोन्ही मांड्यांना टेप लावून दाखवते, तेव्हा दुखऱ्या बाजूचा फरक बघून माणसं गप्प होतात. कृषीनगरच्या ट्रॅकवर पाच फेऱ्या झेपत नसतील तर दोन मारा, पण माराच.

दुसरी चूक मायेपोटी होते. दुखतंय म्हणून गुडघ्याखाली रात्रभर उशी. एका काकूंनी तीन महिने अशी उशी घेतली. तपासायला पाय पसरायला सांगितला, तर गुडघा पलंगाला टेकेना, खालून माझी अख्खी मूठ आरपार जात होती. वाकलेला गुडघा तसाच आखडला की साधं उभं राहायलाही मांडीला सतत राबावं लागतं, कारण पूर्ण ताठ झाल्यावर सांध्याला जो आधार मिळतो, तो मिळतच नाही. उशी काढा. दिवसा मात्र टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा, गुडघ्याने ती खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. काकूंचा गुडघा टेकायला दोन महिने लागले, पण टेकला.

उठताना कटकट वाजतं म्हणून घाबरू नका. दुखत नसेल, सूज नसेल, तर नुसत्या आवाजाला उपचार लागत नाही. एक्स-रेमध्ये "गॅप कमी झालाय" हे वाचून खचूही नका. झीज बरीच दिसूनही आरामात चालणारी माणसं मी रोज बघते. उलट कधी दुखणं खुब्याचं असतं आणि जाणवतं गुडघ्यात, तेव्हा खुबाही तपासून घ्या.

निफाड, येवल्याकडच्या बायकांचा प्रश्न मला जास्त छळतो. कांद्याच्या लागणीत दिवसभर उकिडवं बसायचं आणि तसंच पुढे सरकायचं. त्यांना "खाली बसू नका" सांगणं म्हणजे "मजुरी सोडा" सांगणं. म्हणून मी एवढंच सांगते: वाफा संपला की उभ्या राहा, पाय दहा वेळा सरळ करा, जमेल तिथे बुटका पाट घ्या. आणि घरी तरी भाजी निवडायला खुर्चीवर बसा.

पण गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप असेल, मध्येच अडकून सरळ होत नसेल किंवा पडल्यावर पायावर भारच घेता येत नसेल, तर मालिश, शेक, व्यायाम सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.