जुन्या मारुती ८०० चे इंजिन उघडण्यापूर्वी

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन आजही अनेक घरांच्या दारात राबते आहे. ते धूर सोडू लागले, तेल पिऊ लागले की गॅरेजमध्ये ‘पूर्ण इंजिन काम’ करण्याचा सल्ला मिळतो. तो कधी योग्यही असतो. परंतु मोजमाप झाल्याशिवाय इंजिन उघडू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे, कारण व्हॉल्व्ह सीलचा (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून तेल आत उतरू न देणाऱ्या रबरी सीलचा) लहानसा दोष पुष्कळदा पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या माथी मारला जातो.

प्रथम धूर पाहावा. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच निळसर धूर येऊन थोड्या वेळात थांबत असेल, तर व्हॉल्व्ह सीलमधून तेल झिरपत असण्याची शक्यता अधिक असते. चढावर तो सतत येत असेल, तर रिंगा किंवा बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती सिलिंडरची पोकळी) झिजल्याचा संशय घ्यावा. काळा धूर बहुधा हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर किंवा एअर फिल्टरकडे बोट दाखवतो आणि त्यासाठी इंजिनाला हात लावण्याचे कारण नाही.

थंडीतल्या सकाळी सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ निरुपद्रवी असते. मात्र इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल आणि कूलंट (रेडिएटरमधले इंजिन थंड ठेवणारे पाणी) घटत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांमधली सीलबंद पट्टी, गेल्याची शंका बळावते. तेलाच्या झाकणाखालचा दुधट थर पाहून लगेच घाबरू नये, कारण पावसाळ्यात गाडी केवळ बाजारापुरती चालवली तरी ओलाव्याने तो साचतो. डिपस्टिकवरचे (तेलाची पातळी पाहण्याच्या सळईवरचे) तेलही दुधट दिसले, तर मात्र गाडी चालवणे त्वरित थांबवावे. या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे अति तापल्यास ते वाकते, म्हणून घाटात तापमानाचा काटा वर चढताच गाडी बाजूला घ्यावी आणि गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये.

यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून घ्यावे, आणि आपण स्वतः तेथे उभे राहावे. इंजिन गरम असावे, तिन्ही प्लग काढलेले असावेत, इग्निशन तोडलेले असावे आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा; अन्यथा आकडे फसवे येतात. एका सिलिंडरचा दाब इतरांहून बराच कमी आला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑईल घालून पुन्हा मोजावे: दाब वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजले आहेत, न वाढल्यास दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये आहे. दुसऱ्या प्रकारात बहुधा केवळ हेड उतरवून काम भागते.

बोअरच झिजला असेल, तर बोअरिंग मशीनवर तो रुंद करून ओव्हरसाईज (किंचित मोठे) पिस्टन बसवण्याचा खर्च गाडीच्या पत्र्याची अवस्था पाहूनच करावा, कारण खालून गंजलेल्या गाडीत नवे पिस्टन घालण्यात अर्थ नाही. त्याऐवजी दुसरे जुने इंजिन बसवायचे ठरल्यास त्याचे खरेदीचे कागद घ्यावेत आणि बदललेला इंजिन क्रमांक आरटीओकडे नोंदवून घ्यावा. आरसीवरील क्रमांक जुळला नाही, तर नोंदणीच्या नूतनीकरणावेळी गाडी अडते.