अमेरिकेतील कॉलेजप्रवेशाचा अर्ज भक्कम कसा करावा

अमेरिकेतील बहुसंख्य नामांकित कॉलेजे ज्या ‘कॉमन ॲप’मार्फत (अनेक कॉलेजांना एकच अर्ज पाठवण्याची ऑनलाइन सोय) अर्ज स्वीकारतात, त्याचा नव्या वर्षाचा अर्ज १ ऑगस्टला खुला होतो आणि पुष्कळ विद्यार्थी खरी तयारी त्याच सुमारास सुरू करतात. तोपर्यंत अर्जातला सर्वांत वजनदार भाग, म्हणजे नववी ते अकरावीत घेतलेले विषय आणि त्यांत मिळालेले ग्रेड, ठरून गेलेला असतो. त्यामुळे पुढील मजकुराचा सर्वाधिक उपयोग नववी-दहावीतल्या मुलांना होईल. तरीही बारावीत पोहोचलेल्यांनी निराश होण्याचे कारण नाही, कारण कॉलेजांची निवड, उपक्रमांची मांडणी, निबंध आणि वेळापत्रक या गोष्टी अजून त्यांच्याच हातात असतात.

सुरुवात ऐकीव माहितीने न करता कॉलेजाने स्वतः जाहीर केलेल्या माहितीने करावी. अमेरिकेतील बहुतेक कॉलेजे दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे एक दस्तऐवज प्रसिद्ध करतात. त्यातील ‘सी ७’ या तक्त्यात अभ्यासक्रमाची काठिण्यपातळी, ग्रेड, चाचणीचे गुण, निबंध, शिफारसपत्रे, मुलाखत, उपक्रम, समाजसेवा, नोकरीचा अनुभव, कॉलेजाविषयी दाखवलेली उत्सुकता अशा प्रत्येक घटकापुढे तो ‘अत्यंत महत्त्वाचा’, ‘महत्त्वाचा’, ‘विचारात घेतला जाणारा’ की ‘विचारात न घेतला जाणारा’ आहे, याची नोंद असते. कॉलेजाचे नाव आणि ‘कॉमन डेटा सेट’ हे शब्द शोधयंत्रात टाकले की हा तक्ता सापडतो. तुमच्या यादीतील प्रत्येक कॉलेजाचा तक्ता वाचून तुलना केली, की एका कॉलेजात मुलाखतीला वजन आहे आणि दुसऱ्यात ती होतच नाही, एक कॉलेज तुम्ही माहितीसत्रांना हजर होता की नाही हे पाहते आणि दुसरे पाहत नाही, असे फरक स्पष्ट दिसू लागतात. महागड्या सल्लागाराकडे जाण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एक संध्याकाळ या तक्त्यांसाठी काढावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

निवडक प्रवेश देणाऱ्या बहुतेक कॉलेजांच्या तक्त्यांत अभ्यासक्रमाची काठिण्यपातळी आणि ग्रेड सर्वांत वरच्या श्रेणीत दिसतात. येथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. शाळेत ‘एपी’ किंवा ‘आयबी’ या प्रगत अभ्यासक्रमांचे विषय उपलब्धच नसतील, तर त्याचा दोष विद्यार्थ्यावर येत नाही. शाळेचा समुपदेशक गुणपत्रकासोबत शाळेची माहितीपत्रिका पाठवतो. तिच्यातून कोणते प्रगत विषय उपलब्ध होते आणि गुणदानाची पद्धत काय आहे हे प्रवेश अधिकाऱ्याला कळते, आणि उपलब्ध पर्यायांतून तुम्ही काय निवडले हे तो पाहतो. म्हणून दरवर्षी विषय निवडताना स्वतःच्या आवडीच्या क्षेत्रात मिळेल तो कठीण विषय घ्यावा आणि इतर क्षेत्रांत पेलवेल इतकाच भार उचलावा. अभियांत्रिकीला जाऊ इच्छिणाऱ्याने कॅल्क्युलस उपलब्ध असूनही टाळले, तर ते वाचणाऱ्याला खटकते. पण त्याच विद्यार्थ्याने इतिहासाचा प्रगत विषय सोडून भौतिकशास्त्राला वेळ दिला असेल, तर ती निवड सहज समजण्याजोगी असते. सर्व प्रगत विषय एकाच वर्षी घेऊन झोप आणि ग्रेड दोन्ही गमावणे कुणाच्याच हिताचे नाही.

उपक्रमांच्या बाबतीत मात्र सर्वाधिक श्रम वाया जातात. कॉमन ॲपमध्ये जास्तीत जास्त १० उपक्रम नोंदवता येतात, म्हणून १० जागा भरल्याच पाहिजेत अशी समजूत पसरलेली आहे आणि तिच्यापायी मुले अकरावीच्या अखेरीस चार-पाच मंडळांचे सभासदत्व घाईघाईने घेतात. अर्ज वाचणाऱ्याला मात्र प्रत्येक उपक्रमापुढे तो कोणकोणत्या इयत्तांत केला, आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे केला, हे आकडे दिसतात. शेवटच्या वर्षी उगवलेले सभासदत्व तिथेच ओळखू येते. दोन किंवा तीन गोष्टी नववीपासून धरून ठेवाव्यात आणि दरवर्षी त्यांत जबाबदारी वाढवावी. पहिल्या वर्षी शिकणारा, दुसऱ्या वर्षी मदत करणारा, तिसऱ्या वर्षी इतरांना शिकवणारा किंवा नवे काही उभे करणारा, असा प्रवास त्या नोंदींतून दिसला, तर पदाचे नाव साधे असले तरी चालते. स्वतःची संस्था काढण्याचा हट्ट धरू नये. आधीपासून चालू असलेल्या कामातली एखादी खरी अडचण सोडवणे अधिक उपयोगाचे आणि अधिक प्रामाणिक असते.

घरच्या धाकट्या भावंडांना सांभाळणे, आजी-आजोबांची शुश्रूषा करणे, कुटुंबाच्या व्यवसायात हातभार लावणे किंवा पगारी नोकरी करणे हेसुद्धा या यादीत मोजले जाते. त्यासाठी कॉमन ॲपमध्ये स्वतंत्र प्रकार दिलेले आहेत. ज्या मुलांचा शाळेनंतरचा सगळा वेळ अशा कामांत जातो, तीच बहुधा संकोचाने ही जागा रिकामी सोडतात. कृपा करून असे करू नका. ही जबाबदारी आठवड्याचे किती तास घेते, ते स्पष्ट आकड्यात लिहा.

प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनासाठी इंग्रजीत फक्त १५० अक्षरे मिळतात आणि त्यांत मोकळ्या जागाही धरल्या जातात. ‘वाचनालयात लहान मुलांना मदत केली’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. ‘दर शनिवारी तिसरीच्या सहा मुलांना वाचन शिकवले, पुस्तकांची पातळीनुसार यादी तयार केली’ असे लिहिले, की काम, वारंवारता आणि परिणाम तिन्ही दिसतात. असे तपशील ऐनवेळी आठवत नाहीत, म्हणून नववीपासून एका वहीत महिन्यातून एकदा तारीख, केलेले काम आणि त्याचा परिणाम टिपून ठेवावा.

कॉमन ॲपचा मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो आणि त्यासाठी दिलेल्या प्रश्नांच्या यादीत स्वतःचा विषय निवडण्याचीही मुभा असते. येथे यशाची यादी पुन्हा सांगायची नसते, कारण ती उपक्रमांत आलेलीच असते. तुम्ही विचार कसा करता, कशाने अस्वस्थ होता, चूक कळल्यावर मत कसे बदलता, हे अर्जाच्या दुसऱ्या कोणत्याही रकान्यात दिसत नाही; त्यासाठीच ही जागा आहे. विषय मोठा असण्याची गरज नाही. रोज बसमधून जाताना फलकांवरील अक्षरांच्या घडणीकडे लक्ष जाणाऱ्या मुलाने त्या कुतूहलातून मुद्रणकलेपर्यंत कसा माग काढला हे लिहिले, तर तो निबंध सामना जिंकून देणाऱ्या शेवटच्या गोलापेक्षा अधिक लक्षात राहील. लिहिताना दुःखद प्रसंगाचा वापर केवळ सहानुभूतीसाठी करू नये; तो प्रसंग खरोखर तुमच्या घडणीचा भाग असेल, तर त्यानंतर तुम्ही काय केले यावर अधिक शब्द खर्च करावेत. पहिला मसुदा उन्हाळ्याच्या सुट्टीत लिहावा, काही दिवस बाजूला ठेवावा आणि मोठ्याने वाचून दुरुस्त करावा. वाचायला दोघांनाच द्यावा: एक जण तुम्हाला जवळून ओळखणारा आणि दुसरा भाषेचा जाणकार. दहा जणांच्या सूचना मिसळल्या, की त्यात तुमचा आवाज उरत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेला मजकूर स्वतःचा म्हणून पाठवणे कॉमन ॲपच्या नियमांत फसवणुकीत मोडते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज वेगळा आहे. तेथे आठ प्रश्नांपैकी चारांची उत्तरे, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्दांत, द्यावी लागतात. एसएटी किंवा एसीटी या कॉलेजप्रवेशाच्या प्रमाणित चाचण्यांचे गुण तेथे प्रवेशासाठी पाहिले जात नाहीत. त्यामुळे कॉमन ॲपचा निबंध कापून तेथे चिकटवण्याचा मोह टाळावा. त्या प्रश्नांना थेट, माहितीपूर्ण उत्तरे अपेक्षित असतात.

शिफारसपत्रासाठी शक्यतो अकरावीत मुख्य विषय शिकवणाऱ्या आणि तुमची धडपड पाहिलेल्या शिक्षकांची निवड करावी. सर्वाधिक गुण देणारे शिक्षक दरवेळी सर्वांत चांगले पत्र लिहितीलच असे नाही. काही कॉलेजे विषयही ठरवून देतात. उदाहरणार्थ, एमआयटीला एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या आणि एक मानव्यशास्त्रे, समाजशास्त्रे किंवा भाषेच्या शिक्षकाचे लागते. अकरावी संपण्यापूर्वीच शिक्षकांना प्रत्यक्ष भेटून विचारावे आणि होकार मिळाल्यावर वर्गातल्या दोन-तीन ठोस प्रसंगांची आठवण करून देणारे एक पान द्यावे. पत्र स्वतः पाहण्याचा हक्क सोडल्याची खूण अर्जात करावी, म्हणजे शिक्षक मोकळेपणाने लिहितात आणि वाचणाराही त्यावर अधिक विश्वास ठेवतो.

एसएटी-एसीटी या चाचण्यांबाबत इतर कॉलेजांचे नियम वेगाने बदलत आहेत. एमआयटीने २०२२ मध्ये आणि डार्टमथ, हार्वर्ड, ब्राऊन आदींनी २०२४ मध्ये त्या पुन्हा सक्तीच्या केल्याचे जाहीर केले, तर कित्येक ठिकाणी त्या ऐच्छिक आहेत. प्रत्येक कॉलेजाचे चालू वर्षाचे संकेतस्थळ पाहावे. १६०० गुणांची एसएटी आता संगणकावर होते. तिचे अधिकृत सराव-संच ‘ब्लूबुक’ या ॲपवर आणि पाठ खान अकॅडमी या शैक्षणिक संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. बहुतेकांना शिस्तीने केलेला तेवढा सराव पुरतो.

अर्ज केव्हा करायचा, हा निर्णय पैशांशी जोडलेला आहे. ‘अर्ली डिसिजन’ पद्धतीत नोव्हेंबरमध्ये अर्ज करता येतो, पण प्रवेश मिळाल्यास तो स्वीकारणे बंधनकारक असते. ‘अर्ली ॲक्शन’मध्ये असे बंधन नसते. बंधनकारक अर्ज करण्यापूर्वी कॉलेजाच्या संकेतस्थळावरील खर्चाचे गणकयंत्र वापरून कुटुंबाच्या वाट्याला येणारी रक्कम काढून पाहावी. परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून तपासावी: आर्थिक मदत मागितल्याचा प्रवेशाच्या निर्णयावर परिणाम होतो का? एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, ॲमहर्स्ट यांसारख्या मोजक्या संस्थांत तो होत नाही. बहुतेक ठिकाणी होतो.

अर्ज पाठवल्यावर प्रत्येक कॉलेज स्वतःच्या पोर्टलची लिंक पाठवते. गुणपत्रक, शिफारसपत्रे आणि चाचणीचे गुण पोहोचले की नाही हे तेथे दर आठवड्याला तपासावे आणि काही गहाळ दिसल्यास समुपदेशकाला लगेच कळवावे. बारावीच्या पहिल्या सत्राचे ग्रेडही शाळा नंतर कॉलेजांना पाठवते आणि ते फार घसरले, तर दिलेला प्रवेश मागे घेण्याचा अधिकार कॉलेजाकडे असतो.