मेक्सिकन रिफ्राइड बीन्स घरी करताना या चुका टाळा

रिफ्राइड बीन्स म्हणजे राजम्यासारखे दाणे शिजवून, तेलात किंवा चरबीत परतून ठेचलेला पदार्थ. यातली पहिली चूक नावामुळेच होते. ‘रिफ्राइड’ म्हटलं की दोनदा तळायचं, असं वाटतं आणि मग काही जण शिजलेले दाणे आधी तेलात तळतात, नंतर ठेचून पुन्हा परततात. दाण्याची साल चिवट होते, पदार्थ कोरडा पडतो. मूळ स्पॅनिश नाव ‘फ्रिहोलेस रेफ्रितोस’. मेक्सिकोच्या बोलीभाषेत शब्दाआधीचा ‘रे’ जोर देण्यासाठी येतो. म्हणजे रेफ्रितोस म्हणजे चांगले, व्यवस्थित परतलेले. शिजवायचं एकदा, परतायचं एकदाच.

चार जणांना पुरेल असं प्रमाण: २०० ग्रॅम कोरडे दाणे, शिजवताना अर्धा कांदा आणि लसणाच्या २ पाकळ्या, परतताना ४ मोठे चमचे चरबी किंवा तेल आणि पाव कांदा बारीक चिरून, मीठ साधारण दीड छोटा चमचा. यादी एवढीच आहे. त्यामुळेच यात चूक लपत नाही.

दाणे निवडताना

मेक्सिकोच्या उत्तर भागात पिंटो (फिकट रंगाचे, तपकिरी ठिपक्यांचे दाणे), दक्षिणेकडे, म्हणजे वेराक्रूझ, ओआहाका, युकातानमध्ये काळे दाणे, असा ढोबळ हिशेब आहे. आपल्या बाजारात पिंटोच्या सगळ्यात जवळ जातो तो चित्रा राजमा. कोरेगावचा, भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडाही इथे उत्तम चालतो. तो पिंटोच्याच जातकुळीतला, पातळ सालीचा आणि शिजल्यावर लोण्यासारखा होणारा आहे. मोठा, गडद लाल राजमा मात्र टाळा. त्याची साल जाड असते आणि ठेचल्यावर तिचे कागदासारखे तुकडे दाताखाली येतात.

दाणे शिजतच नाहीत

ही सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार. कारणं तीन. एक, दाणे जुने असणं. दमट, उबदार जागी महिनोन्‌महिने पडलेल्या दाण्यांची आतली रचनाच बदलते आणि ते कितीही शिजवले तरी मध्ये कचकचीत राहतात. दोन, जड पाणी. पाण्यातलं कॅल्शियम सालीतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी जोडून ठेवणाऱ्या घटकाला, घट्ट धरून ठेवतं. बोअरिंगच्या पाण्यावर अडत असेल, तर शिजवण्यासाठी फिल्टरचं पाणी घ्या. तीन, आंबट पदार्थ. टोमॅटो किंवा लिंबू सुरुवातीलाच पडलं तर दाणे मऊ व्हायला फार वेळ लागतो. टोमॅटो हवाच असेल तर दाणे पूर्ण शिजल्यावर घाला.

मिठाने दाणे कडक होतात हा समज मात्र सोडून द्या. १ लिटर पाण्यात १ मोठा चमचा मीठ घालून दाणे ८ तास भिजवले, तर साल उलट मऊ पडते आणि फुटतही नाही. हे भिजवलेलं पाणी टाका. काळे दाणे मात्र मेक्सिकोतल्या बऱ्याच घरांत न भिजवताच शिजायला ठेवतात, कारण भिजवलं की रंग पाण्यासोबत निघून जातो.

खायचा सोडा घालायचा मोह होतो. अगदी हट्टी दाण्यांना एक चिमूट ठीक आहे, त्याहून जास्त पडला तर साबणासारखी चव येते आणि ती पुढे कशानेही जात नाही.

भिजवलेले दाणे कुकरमध्ये: दाण्यांवर तीन बोटं पाणी, कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नये, कारण फेस वर येतो. मोठ्या आचेवर १ शिट्टी, मग अगदी मंद आचेवर १५ मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. दाणा जिभेने टाळूवर दाबला तर चुरडला पाहिजे. ‘बोटाने दबतो, चालेल’ म्हणून पुढे जाऊ नका. कढईत गेल्यावर दाणा आणखी मऊ होत नाही. उघड्या भांड्यात दीड-दोन तास लागतात, आणि पाणी कमी झालं तर गरम पाणीच घालायचं.

एक धोक्याची गोष्ट: स्लो कुकरमध्ये कच्चे दाणे थेट टाकू नका. राजम्याच्या वर्गातल्या दाण्यांमध्ये पोट बिघडवणारं लेक्टिन असतं, ते उकळत्या पाण्यात नष्ट होतं, पण मंद उष्णतेत टिकून राहतं. आधी भिजवलेले दाणे नव्या पाण्यात ३० मिनिटं खळखळ उकळून घ्या.

शिजवलेलं पाणी ओतून देणं

या एका चुकीने सगळी मेहनत वाया जाते. मेक्सिकोत आधी होतात ‘फ्रिहोलेस दे ला ओया’, म्हणजे मडक्यातले दाणे, आणि रेफ्रितोस त्यांच्यापासून, त्यांच्याच रश्शात बनतात. त्या पाण्यात स्टार्च असतो, चव असते, रंग असतो. दाणे चाळणीत निथळून साधं पाणी घातलं, तर लापशीसारखा बेचव गोळा हाती येतो. किमान दीड कप रस्सा बाजूला काढून ठेवा. शिजवताना तो फार आटला असेल तर गरम पाणी घालून ५ मिनिटं दाण्यांसोबत उकळा.

चरबी कमी, आच कमी

परंपरेने वापरतात ती डुकराची चरबी, ‘मान्तेका’. ज्यांना ती चालत नाही त्यांनी रिफाइंड तेल घ्यावं, मेक्सिकोतही कित्येक घरांत तेच वापरतात. मात्र मग कांदा गुलाबीवर थांबवू नका. तो तेलात गडद तपकिरी होईपर्यंत तळा आणि हवं तर काढून टाका, त्याची चव तेलात उतरलेली असते. साजूक तूप वापरलं तर वास दाल मखनीकडे झुकतो, म्हणून ते इथे नको.

४ चमचे पाहून हात आखडतो, पण २ चमच्यांत दाणे परतले जात नाहीत, तळाला धरतात. जाड बुडाची लोखंडी कढई घ्या. तेल तापलं की दाणे आणि अर्धा कप रस्सा एकदम घाला, जोरात चर्र आवाज झाला पाहिजे. आवाज आला नाही तर तेल तापलेलं नव्हतं, आणि तो पदार्थ उकडलेलाच लागतो.

आता पावभाजीच्या मॅशरने कढईतच ठेचा. मिक्सर लावू नका. पिंटोसारख्या दाण्यांचा स्टार्च त्यात फार सुटतो आणि खळीसारखा चिकटपणा येतो. (युकातानमध्ये काळे दाणे गाळून गुळगुळीत करतात, पण तो वेगळा प्रकार.) थोडे दाणे अर्धवट राहू द्या. रस्सा पळी-पळीने घालत ८ ते १० मिनिटं परता. सुरुवातीला रटरट बुडबुडे फुटतात, मग फदफद आवाज येऊ लागतो, कडांना तेल दिसतं आणि सगळा गोळा कढईपासून सुटतो.

कुठे थांबायचं

उलथनं तळातून ओढलं की कढईचा तळ २-३ सेकंद दिसून मग रेघ हळूहळू मिटली पाहिजे. ती मिटतच नसेल तर जास्त आटलं. गार होताना हा पदार्थ आणखी घट्ट होतो, म्हणून पानावर हवं त्यापेक्षा किंचित पातळ असतानाच उतरवा. घट्ट झालं तर गरम रस्सा २ चमचे घालून हलवा. पातळ राहिलं तर आच वाढवून परता, मैदा किंवा कॉर्नफ्लोर नको. तळाला लागलं तर खरवडू नका, वरचा भाग दुसऱ्या भांड्यात काढा.

मीठ दाणे मऊ झाल्यावर रश्शात घाला आणि परतून झाल्यावर पुन्हा चाखा, कारण आटताना खारटपणा वाढतो.

मसाले

भरपूर जिरेपूड, लाल तिखट, वर किसलेलं चेडार ही टेक्सासकडची पद्धत. जिरे-हिंगाची फोडणी दिली तर ती उसळच होईल. काळ्या दाण्यांत मेक्सिकोत ‘एपासोते’ नावाची उग्र वासाची पानं घालतात, ओआहाकात भाजलेली अॅव्होकाडोची पानं. मिळत नसतील तर काहीच घालू नका, त्यांची जागा कोथिंबीर घेत नाही. वर चुरलेलं ‘केसो फ्रेस्को’, म्हणजे ताजं चीज, घालतात. इथे ताजं, किंचित मीठ लावलेलं पनीर हाताने चुरून चालेल.

उरलेलं २ तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, ३-४ दिवस टिकतं. दुसऱ्या दिवशी कढईत चमचाभर तेल आणि पाव कप पाणी घालून गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये कडा वाळून चामड्यासारख्या होतात. मग पाव मधोमध कापून त्यावर हे पसरा, चीज घाला, भाजा आणि वर टोमॅटो-कांदा-मिरचीची कोशिंबीर ठेवा: मेक्सिकोतला नाश्त्याचा ‘मोयेते’ तयार.