शाळेचा डबा: तयारी आदल्या दुपारपासून

डब्याची तयारी सकाळी सहाला सुरू होते असं आपण धरून चालतो आणि मग घाईत हाताला लागेल ते भरतो, पण माझं ठाम मत आहे की ती आदल्या दिवशी दुपारी मूल घरी आलं की सुरू करायची, परत आलेला डबा उघडून. काय उरलंय, किती उरलंय, कुठला कप्पा उघडलाच नाहीये ते बघा, आणि रागवू नका, नुसतं विचारा. बालवाडी, पहिली-दुसरीतल्या पोरांना मधल्या सुट्टीत हात धुवून, गप्पा मारून, डबा उघडून खायचं असतं, त्यात वेळ थोडाच मिळतो, त्यामुळे सलग तीन-चार दिवस अर्धी पोळी परत येत असेल तर पुढच्या दिवशी अर्धी पोळी कमीच द्यायची. घरातल्या आजींना हे पटत नाही, लेकरू उपाशी राहील म्हणतात, त्यांना सांगा की घरी आल्यावर गरम जेवायला वाढूच ना. उरलेलं अन्न मात्र संध्याकाळी गरम करून कुणी खाऊ नका, ते दिवसभर दप्तरात तापलेलं असतं. डबा लगेच घासायचा, झाकणाची रबरी रिंग काढून, कारण त्या खाचेत काळी बुरशी धरते आणि वरून दिसत नाही.

नवा डबा घ्यायचा असेल तर स्टीलचाच घ्या, छोटा, दोन कप्प्यांचा, आणि मुलाला तो स्वतः उघडता येतो का हे दुकानातच बघा, कडक क्लिपा असल्या की पोरं लाजून बाईंना सांगत नाहीत आणि डबा तसाच परत येतो. आपल्या नाशिकच्या भांडी बाजारातून घेतलात तर त्यावर नाव घालून घ्या, फक्त नाव-आडनाव, वर्ग नको, तो दरवर्षी बदलतो. नाव असलं की हरवलेला डबा सापडतो आणि नवीन घ्यावा लागत नाही, कचरा कमी करायचा हा मला सगळ्यात सोपा मार्ग वाटतो. पाण्याची बाटली रुंद तोंडाची, ब्रश आत जाईल अशी. तांब्याची देत असाल तर त्यात साधं पाणीच, लिंबू सरबत किंवा ताक अजिबात नको, आंबट पदार्थात तांबं उतरतं.

संध्याकाळी उद्याचं ठरवून टाका. मटकी किंवा मूग भिजत घाला, मोड यायला अजून एक दिवस लागतो म्हणून रविवारीच दोन वाट्या भिजवलेलं बरं, मोड आले की फ्रीजमध्ये, आठवड्यात दोन डबे त्यातून निघतात. मेथी निवडून ठेवा, गाजर धुऊन ठेवा. आपल्या जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडची नागली, म्हणजे नाचणी, मिळाली तर पीठ दळून आणा, १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि तिची धिरडी गूळ घालून केली तर मुलं आवडीने खातात. मेथीच्या थेपल्यासोबत पेरूच्या फोडी द्या, पोह्यांवर लिंबू पिळा, क जीवनसत्त्व असलं की भाजीपाल्यातलं, डाळीतलं लोह अंगी लागतं. याच कारणासाठी सकाळी शाळेत जाताना चहा-पोळी देणं बंद करा, चहाने ते लोह कमी शोषलं जातं, दूध-पोळी द्या किंवा तूप-गूळ-पोळी.

आता द्राक्षं. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत आपल्याकडे घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात आणि डब्यात मूठभर टाकणं सोपं वाटतं, पण पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊच नका. गोल, गुळगुळीत, श्वासनलिकेच्या तोंडावर घट्ट बसेल असं, हसता-हसता घशात गेलं की ती नळी पूर्ण बंद करतं. उभे चार तुकडे करायचे, आडवे नाही, आडवे केले तर गोल चकतीच राहते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, गाजराच्या जाड चकत्या यांचंही तसंच, शेंगदाण्याचं कूट किंवा चटणी द्या, गाजर किसून पराठ्यात घाला. द्राक्षं घडातून सोडवून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, नुसती बुडवून काढू नका, फवारणी झालेली असते. शेंगदाणा, काजू, तीळ घालणार असाल तर वर्गात कुणाला त्याची अ‍ॅलर्जी आहे का हे बाईंना आधी विचारून घ्या, पोरं वाटून खातात.

डब्यात जे भराल ते सकाळी शिजवलेलंच. ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये जंतू भराभर वाढतात, आणि शिजलेलं ओलं अन्न बाहेर दोन तासांवर ठेवू नये, ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर एकच तास, हा नियम लक्षात ठेवला की मार्च-एप्रिलमध्ये काय देऊ नये ते आपोआप कळतं: दहीभात, पनीर, ओल्या नारळाची चटणी, मेयोनीज, उकडलेल्या बटाट्याचं सारण. तेव्हा थालीपीठ, धपाटे, दशमी, कोरडी भाजी बरी. रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देऊन डब्यात घालायची सवय बऱ्याच घरांत आहे, ती सोडा. भात शिजवल्यावरही त्यातल्या काही जंतूंचे बीजाणू जिवंत राहतात, रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात ते वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही. पोळी-भाजी ताटात पसरून वाफ जाऊ द्या, मग झाकण लावा, वाफेवर बंद केलं की पाणी सुटतं. थर्मासचा डबा असेल तर उलटं, आधी उकळतं पाणी पाच मिनिटं भरून ठेवा, ओता, आणि अन्न कढत असतानाच भरा.

पोळी फॉइलमध्ये गुंडाळू नका आणि वर्तमानपत्रात तर कधीच नको, छपाईची शाई अन्नात उतरते, एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, तसं स्पष्ट सांगितलंय. जुन्या सुती धोतराचे चौकोनी तुकडे करून शिवून घ्या, पाच-सहा असले की रोज एक धुवायला टाकता येतो, तोच हात पुसायला. पुड्या नकोत, बिस्किटाची नको, वेफर्सची नको. २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ-साखर-चरबीचे पदार्थ विकायला मनाई आहे, मग आपण ते दप्तरात घालून आत का पाठवायचे? केळ्याचं साल आणि उरलेलं घरी घेऊन ये एवढं मुलाला शिकवा, म्हणजे ते घंटागाडीत ओल्या कचऱ्यात जातं आणि तुम्हालाही काय उरलं ते कळतं. शनिवारी शाळा लवकर सुटत असेल तर मोठा डबा भरूच नका, एक केळं आणि घरी केलेला राजगिऱ्याचा लाडू पुरतो.